दिव्यावरचे आवरण

पावसाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना धुके वाटेतच गाठते. अमरावती जिल्ह्यातील हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. धुके दाटले की भर दुपारीही वाहनांचे दिवे लावावे लागतात. अशा रस्त्यावर पुढच्या दिव्यांना पिवळी आणि मागच्या दिव्यांना काळसर फिल्म चिकटवलेली वाहने आपल्याला दिसतात. साबणाचे पाणी आणि हेअर ड्रायरची ऊब एवढ्यावर हे काम घरीच होते. पण तिने दिव्याला काय मिळते आणि त्याच्याकडून काय जाते?

दिव्यावर रंग चढवण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सने १९३६ मध्ये मोटारींचे पुढचे दिवे पिवळे असावेत असा कायदाच केला. प्रकाशातील निळा-जांभळा भाग गाळला तर समोरच्या चालकाचे डोळे कमी दिपतील, अशी त्यामागची समजूत होती. युरोपातील नियम एकसारखे करताना १९९३ पासून नव्या वाहनांसाठी ही सक्ती संपली.

पिवळा प्रकाश धुके भेदतो, असेही आपण ऐकतो. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखवले, की प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. आकाश निळे दिसते ते यामुळेच. पण धुक्याचे थेंब तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यासाठीच्या दिव्याचा खरा गुण त्याच्या रंगात नसून त्याच्या खालच्या जागेत आणि रुंद, जमिनीलगतच्या झोतात आहे.

आवरणाचा दुसरा इतिहास युद्धातला आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट सुरू झाला. रस्त्यावरचे दिवे विझले, मोटारींचे दिवे झाकले गेले. १९३८ मध्ये तेथे रस्त्यांवर ६६४८ माणसे दगावली होती. १९४० मध्ये, पेट्रोलवर रेशनिंग असूनही, ८६०९ दगावली. आपल्याकडेही १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत अनेक शहरांत मोटारींच्या दिव्यांना काळा रंग वा कागद लावला गेला. ती गरज युद्धाची होती, आणि युद्ध संपताच आवरणे निघाली.

आजची फिल्म मऊ पीव्हीसीची, म्हणजे व्हिनाइलची असते. कडक पीव्हीसी लवचीक करण्याची रीत अमेरिकेतील वॉल्डो सेमन यांना १९२६ मध्ये सापडली. त्यामुळे वळणदार काचेवरही फिल्म नीट बसते. मात्र कोणतीही फिल्म दिव्याच्या प्रकाशात भर घालू शकत नाही. ती फक्त त्यातून वजा करते.

मागच्या दिव्यावर हा हिशेब अधिक महाग पडतो. त्या दिव्यात पुष्कळदा लाल परावर्तकही असतो. वाहन बंद पडून दिवे विझले, तरी मागून येणाऱ्याच्या झोतात तो चमकतो. इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये पेटंट घेतलेले रस्त्यावरचे ‘मांजरीचे डोळे’ याच तत्त्वावर चालतात आणि ब्लॅकआउटच्या काळात त्यांचे महत्त्व फार वाढले. आता समजा, फिल्म निम्मा प्रकाश अडवते. बल्बचा प्रकाश तिच्यातून एकदाच जातो, म्हणून निम्मा उरतो. परावर्तकाकडे येणारा प्रकाश मात्र जाताना आणि परतताना असा दोनदा गाळला जातो, म्हणून पाव भागच उरतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागे लाल परावर्तक आवश्यक ठरवला आहे तो ज्या प्रसंगासाठी, नेमक्या त्याच प्रसंगी फिल्म त्याला सर्वांत जास्त दुबळे करते.

हे वर्गात दाखवता येईल. खोलीत अंधार करून सायकलचा लाल परावर्तक भिंतीला टेकवावा. विद्यार्थ्याने टॉर्च डोळ्याजवळ धरून लांबून त्यावर झोत टाकावा. आधी गॉगलची एक काच फक्त टॉर्चपुढे धरावी, मग तीच काच परावर्तकावर ठेवावी. दुसऱ्या वेळी तो कितीतरी मंद दिसेल. विद्यार्थ्यांनी कारण स्वतः शोधले, की घाटात उभ्या असलेल्या बंद वाहनाचा विचार त्यांना करायला सांगावा.