‘अंमल’ आणि प्रमाण : मद्यधुंद वाहनचालनाच्या विधिसंज्ञांचा इतिहास

१८७२ च्या इंग्लिश परवाना कायद्याने रस्त्यावर गाडी, घोडा, गुरे वा वाफेचे इंजिन ताब्यात असताना ‘ड्रंक’ असणे दंडनीय ठरविले. त्या शब्दाची व्याख्या मात्र केली नाही. १९३० च्या इंग्लिश कायद्यात आणि त्याच धर्तीवर १९३९ च्या भारतीय मोटार वाहन अधिनियमात कसोटी बदलली: वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्यास असमर्थ होण्याइतपत मद्याच्या किंवा मादक द्रव्याच्या अमलाखाली असणे. गुन्हा पिण्याचा नव्हे, ताबा गमावण्याचा होता.

मराठीतील ‘अंमल’ हा अरबी शब्द येथे मूळ इंग्रजी संज्ञेहूनही नेमका ठरतो. राज्याचा तो अंमल, नशेचाही अंमलच. माणसावर दुसऱ्याच कोणाची सत्ता चालते, ही कल्पना शब्दातच आहे. परंतु ही सत्ता सिद्ध करायची ती पाहणाऱ्याच्या कथनावरून: तोंडाचा वास, डोळ्यांच्या बाहुल्या, चाल, बोलणे.

या कथनाची मर्यादा ‘बेहराम खुरशेद पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात उघडी पडली. १९५१ मध्ये मुंबईत जीपची धडक बसून माणसे जखमी झाली. चालकाच्या तोंडाला मद्याचा वास होता. तथापि बोलणे सुसंगत होते व तो सरळ रेषेत चालू शकत होता. आपण मद्यार्कयुक्त शक्तिवर्धक औषध घेतले होते, हा त्याचा बचाव. दारूबंदी कायद्याखाली उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. औषधी मद्यार्काच्या सेवनावरील बंदी १९५१ च्या बालसारा निकालाने आधीच अवैध ठरली होती आणि वासावरून पेय कोणते हे सांगता येत नव्हते. (‘दारू’चा मूळ फारसी अर्थ औषध असाच आहे, न्यायालयासमोरचा पेच शब्दाच्या पोटातही होता.)

पुढील सुधारणेने मुंबई दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६६ मध्ये रक्तातील ०.०५ टक्के मद्यार्काची कसोटी आली. त्या प्रमाणानंतर आपण औषधच घेतल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडला. इंग्लंडने १९६७ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. भारताच्या १९८८ च्या अधिनियमातील कलम १८५ ने प्रथम रक्तातील ‘कितीही अल्प’ मद्यार्क गुन्हा ठरविला. १९९४ च्या सुधारणेने ३० मिलिग्रॅमहून अधिक, तेही श्वासचाचणीत आढळलेले, अशी अट घातली. चालक झिंगला होता काय, हा प्रश्न येथे अप्रस्तुत होतो. म्हणूनच वृत्तपत्रांचे ‘मद्यधुंद’ हे विशेषण कायद्याच्या दृष्टीने बहुधा अतिव्याप्त असते; ३१ मिलिग्रॅमचा दोषी धुंद असेलच असे नाही.

तरी जुनी भाषा पुसली गेली नाही. त्याच कलमाचे मादक द्रव्यांविषयीचे पोटकलम आजही ‘अमलाखाली’ आणि ‘नियंत्रण ठेवण्यास असमर्थ’ याच शब्दांवर उभे आहे. २०१९ च्या सुधारणेने मद्यार्काच्या पोटकलमात प्रयोगशाळेतील चाचणीची भर घातली. मादक द्रव्यांच्या पोटकलमात मात्र कोणताही आकडा आला नाही.