आकड्यांतला नाद

आपल्या सीमाभागात ज्या घरात गाणे आहे, त्या घरातले कोणी ना कोणी तंबोरा घेऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन आलेले असते. तिथला कारागीर घोडी हलक्या हाताने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवतो आणि इतका वेळ मुका वाटणारा तंबोरा गुंजू लागतो. संगणकावर आवाज घडवण्याच्या विद्येचा इतिहास वाचताना हा कारागीर मला वारंवार आठवत राहिला.

ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडात १९५१ च्या सुमारास संगणकाच्या भोंग्यावर सुरावटी वाजवून झाल्या होत्या. पण मनाजोगता आवाज आकड्यांतून घडवण्याची खरी सुरुवात १९५७ साली झाली, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल लॅबोरेटरीजमध्ये. ही टेलिफोनची संशोधनशाळा. तिथल्या मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने 'म्युझिक' नावाचा प्रोग्राम लिहिला आणि आयबीएमच्या ७०४ या संगणकाकडून न्यूमन गटमन यांची सतरा सेकंदांची रचना वाजवून घेतली. कल्पना साधी होती. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो सेकंदाला हजारो वेळा मोजला की आकड्यांची माळ मिळते. मग आवाज नसतानाच आकडे लिहिले आणि ते ध्वनिवर्धकाकडे पाठवले तर? १९६३ साली 'सायन्स' नियतकालिकात मॅथ्यूज यांनी मांडले की, तत्त्वतः या मार्गाने कोणताही आवाज निर्माण करता येईल.

'तत्त्वतः' हा शब्द मोठा फसवा. कोणताही आवाज काढता येईल, पण त्यासाठी कोणते आकडे लिहायचे? एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी सांगून ठेवले होते की, वाद्यांचे स्वर वेगळे भासतात ते मुख्यतः त्यांतल्या उपस्वरांच्या कमीअधिक प्रमाणामुळे. पाठ्यपुस्तकांतून ही प्रमाणे छापलेलीच होती. ती संगणकाला दिली. आवाज आला, पण ट्रंपेटचा नव्हे! स्वर बरोबर, सूर पक्का, आणि तरी निर्जीव.

हा लेख मी ज्याच्यासाठी लिहायला घेतला तो माणूस इथे येतो. झाँ-क्लोद रिसे हा फ्रेंच तरुण भौतिकशास्त्र शिकलेला होता, पियानो वाजवायचा आणि आंद्रे जोलिव्हे यांच्याकडे संगीतरचना शिकला होता. १९६४ साली तो बेल लॅबोरेटरीजमध्ये आला. त्याने छापील प्रमाणे बाजूला ठेवली, खऱ्या ट्रंपेटचे स्वर ध्वनिमुद्रित केले आणि एकेका स्वराच्या पोटात शिरून पाहिले. तेव्हा दिसले की, उपस्वरांचे प्रमाण क्षणभरही स्थिर नसते. स्वर उमटताना खालचे उपस्वर आधी येतात, वरचे मागाहून. वादकाने फुंकर वाढवली की सगळे सारख्या मापाने वाढत नाहीत, वरचे जास्त वाढतात, आणि म्हणून स्वर नुसता मोठा न होता लखलखीत होतो. वरातीतला बँड जवळ येताना ज्याने ऐकला आहे त्याच्या कानाला हे ठाऊकच असते, फक्त कोणी त्याला विचारलेले नसते. रिसेने ही हालचाल आकड्यांत उतरवली आणि संगणकाची ट्रंपेट खऱ्या ट्रंपेटपासून ओळखू येईना.

जाता जाता सांगायला हवे की, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच तंबोऱ्याच्या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तार जिथे छेडली जाते त्या जागेवरून जे उपस्वर शास्त्राप्रमाणे उमटायलाच नकोत, तेही पसरट, गोलसर घोडीमुळे ठळक उमटतात, हे त्यांनी दाखवले. मिरजेच्या कारागिराकडे समीकरण नव्हते. कानस होती आणि कान होता.

रिसेने आपली विद्या झाकून ठेवली नाही, हे मला त्याच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते. १९६९ साली त्याने संगणकनिर्मित ध्वनींची एक सूची तयार केली. प्रत्येक आवाजाचे ध्वनिमुद्रण, तो घडवणारे आकडे आणि असे का केले याचे स्पष्टीकरण. पाककृतीची वहीच म्हणा ना! कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात याच विषयात धडपडणाऱ्या जॉन चाउनिंगला पुढे रिसेच्या ट्रंपेटची आठवण झाली. एका कंपनाने दुसऱ्याची वारंवारता हलवण्याची युक्ती त्याला १९६७ मध्ये सापडली होती. आवाज वाढेल तशी ही हलवणूक वाढवली, आणि मोजक्या आकड्यांत पितळी वाद्यांचा स्वर उभा राहिला. हीच युक्ती १९८३ साली यामाहाच्या 'डीएक्स-७' मधून जगभरच्या वाद्यवृंदांत आणि चित्रपटसंगीतात पोहोचली.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने लॅपटॉपवर 'सीसाउंड' उतरवून घेतले. बॅरी व्हर्को यांनी १९८६ मध्ये एमआयटीत लिहिलेला आणि आज फुकट मिळणारा हा प्रोग्राम मॅथ्यूज यांच्याच घराण्यातला. पहिले चार दिवस तिने तयार आवाजांची बटणे दाबली आणि कंटाळली. मग मी तिला रिसेच्या सूचीतली घंटा करायला सांगितली. ती घंटा म्हणजे परस्परांशी सरळ नाते नसलेले काही स्वर. सगळे एकदम सुरू होतात, पण प्रत्येक आपापल्या वेळेने विझतो, वरचे लवकर, खालचा सर्वांत उशिरा. तिने आधी सगळ्यांना एकच वेळ दिली, तर पत्र्याच्या डब्यावर काही आपटल्यासारखे वाजले. मग संध्याकाळी ती देवळात गेली, घंटा वाजवली आणि आवाज पुरता विरेपर्यंत तिथेच उभी राहिली. मागे दर्शनाची रांग खोळंबली होती. परत आल्यावर तिने सगळे आकडे खोडून पुन्हा लिहायला घेतले.