महाराष्ट्राबाहेरचे मराठी : तीन उगम, तीन पुरावे

महाराष्ट्राबाहेर दूरदूर मराठी समाज आढळतात. ते सारे एकाच ओघात बाहेर गेले असावेत, असे आपल्याला वाटते. पुरावे मात्र निराळे सांगतात.

पहिला धागा अहिल्यानगरशी, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरशी जुळतो. १६३६ मध्ये येथील निजामशाही संपली आणि तिच्या बाजूने लढणारे शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत गेले. त्यांची नेमणूक कर्नाटकात झाली. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले. ते राज्य १८५५ पर्यंत टिकले आणि त्याच्या आश्रयाने मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. येथे पुरावा दगडाचा आहे. सरफोजी (दुसरे) यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला.

मॉरिशसला राज्यकर्ते नव्हे, मजूर गेले. १८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध माणसे नेली जाऊ लागली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसे होती. येथे पुरावा कागदाचा, म्हणजे मजुरांच्या नोंदवह्यांचा आहे.

बेने इस्रायल समाजाची गोष्ट उलटी आहे. तो बाहेरून कोकणात आला आणि मराठी झाला. १९४८ नंतर त्यातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले आणि मराठी सोबत घेऊन गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. येथे पुरावा शरीरातच आहे. केवळ भाषेवरून वंश ठरवता येत नाही, हेही त्यातून कळते.

उगम वेगळे, तशी आजची स्थितीही वेगळी. मॉरिशसमध्ये घराघरांत क्रिओल बोलली जाते, पण गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. तंजावरकडील घरांत मराठी तमिळ शब्द घेऊन जगते; परंतु शाळेत देवनागरी न शिकल्याने अनेकांना ती वाचता येत नाही. मंदिराच्या भिंतीवरचा आपलाच इतिहास त्यांच्यासाठी मुका होतो.

आपल्या जिल्ह्यातही उसाच्या हंगामात ऊसतोड कामगारांची मुले परगावाहून येतात. त्यांचे शिलालेख कोणी कोरत नाही. त्यांच्या घरातले शब्द वर्गातल्या मुलांनी वहीत उतरवले, तर पुढच्या अभ्यासकाला तो पुरावाच ठरेल.