गिधाडं, शिकारी आणि आपलं दुखण्याचं इंजेक्शन

"डॉक्टर, मागच्या वेळी दिलं होतं ना, तेच इंजेक्शन द्या." कंबर धरून आलेला असा एक तरी पेशंट ओपीडीत असतोच. ते इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक. आज या औषधाचा थोडा वेगळा इतिहास सांगतो.

पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा. गावाबाहेर मेलेलं जनावर ओढून टाकलं की थोड्या वेळात गिधाडं घिरट्या घालू लागायची आणि बघता बघता फक्त हाडं उरायची. आज आपल्या तालुक्यातल्या बहुतेक मुलांनी गिधाड पाहिलंय ते पुस्तकातच.

गिधाडं गेली कुठे?

१९९०च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडं माना टाकून बसलेली आणि मरून पडलेली दिसू लागली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात हजारास एक इतकीच उरली. आधी विषाणूचा संशय होता, कीटकनाशकांचाही होता. उत्तर मिळालं २००४ साली, पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून. मेलेल्या गिधाडांच्या शरीरात डायक्लोफेनॅक सापडलं. त्याने किडनी बंद पडते आणि यूरिक ॲसिड साठतं. आपल्याकडे गाऊटच्या पेशंटच्या अंगठ्यात साठतं तेच. गिधाडाच्या मात्र काळीज-यकृतावर त्याचा चुन्यासारखा थर बसलेला होता.

हे औषध पोटात गेलं कसं? गाईला दगडी झाली, ताप आला, पाय सुजला की हे इंजेक्शन दिलं जायचं. गाय बरी झाली तर काही दिवसांत औषध शरीराबाहेर जायचं. पण इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांत ती मेली, तर ते मांसात राहायचं. पुढे गणित मांडलं गेलं तेव्हा दिसलं की शंभरातलं एक जनावरही असं नसलं, तरी गिधाडं संपायला तेवढं पुरे होतं. एका मेलेल्या जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा जेवतो. म्हणूनच "आम्ही इतकी वर्षं देतोय, काही झालं नाही" असं म्हणणारा शेतकरी खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर काही झालंच नव्हतं.

हाच वाद अमेरिकेतही

तिकडे कॅलिफोर्निया काँडोर नावाचं गिधाड १९८२ साली फक्त २२ उरलं होतं. पुढे पाळून, वाढवून जंगलात सोडलेले पक्षीही मरत राहिले, ते प्रामुख्याने शिशाने. शिकारी मांस घेऊन जातो, आतडी जंगलात टाकतो, आणि त्यात शिशाच्या गोळीचे कण राहतात. तांब्याची गोळी वापरा म्हटल्यावर शिकारी चिडले. ती महाग आहे, आमच्या बंदुकीचा नेम बदलतो, आणि हा शिकार बंद करण्याचाच डाव आहे, असं त्यांचं म्हणणं.

२००८ साली नॉर्थ डकोटातले डॉ. विल्यम कॉर्नात्झर यांनी गरिबांना वाटायच्या हरणाच्या मांसाच्या पाकिटांचे सीटी स्कॅन केले. ते स्वतः शिकारी. निम्म्याहून अधिक पाकिटांत धातूचे कण दिसले. मग सातशेहून अधिक लोकांचं रक्त तपासलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांत शिसं थोडं जास्त होतं, पण कुणाचंही घातक पातळीला नव्हतं. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं अर्धं वाक्य उचललं. डॉक्टर म्हणून मी एवढंच जोडतो, की लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही.

कॅलिफोर्नियाने कायदा केला, तो १ जुलै २०१९ पासून पूर्ण लागू झाला. ॲरिझोनाने काँडोरच्या भागात २००५ पासून शिकाऱ्यांना शिसं नसलेल्या गोळ्या फुकट दिल्या. सक्ती नव्हती, तरी दहातले आठ-नऊ शिकारी सामील झाले.

आपण काय केलं?

आपल्याकडे २००६ साली जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद करण्याचा आदेश निघाला. "गिधाडासाठी माझी गाय कळा सोसत ठेवू का?" हा दूधवाल्या शेतकऱ्याचा प्रश्न रास्त होता. त्याला उत्तरही होतं. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचं त्याच वर्षी सिद्ध झालं. पण ते तेव्हा महाग होतं. शिवाय माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या दुकानात मिळतच होत्या, त्या गोठ्यात जायच्या. म्हणून २०१५ साली माणसांचं इंजेक्शन ३ मिलीच्या एका डोसपुरतं केलं गेलं. कंपन्या कोर्टात गेल्या, पण मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ साली बंदी कायम ठेवली. पुढे कळलं की ॲसिक्लोफेनॅकचं गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं आणि कीटोप्रोफेनही गिधाडांना मारतं. २०२३ साली ही दोन्ही औषधं जनावरांसाठी बंद झाली.

आणि किंमत मोजली कुणी? गिधाडं गेल्यावर मेलेली जनावरं कुत्र्यांच्या वाट्याला आली. कुत्रं वाढलं की चावे आले, रेबीजचा धोका आला, पाणी नासलं. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली मांडलेल्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात देशात यामुळे सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली.

मग तुम्ही काय करायचं?

- जनावराला माणसांचं इंजेक्शन कधीही देऊ नका. पशुवैद्यकांना "मेलोक्सिकॅम चालेल का?" असं विचारा.
- उपचार चालू असताना जनावर मेलं, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा.
- मेलोक्सिकॅम गिधाडाला सुरक्षित आहे, याचा अर्थ तुमच्या किडनीला सुरक्षित आहे असा नाही. किडनीचा, हृदयाचा, बीपीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर कुठलीही वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. उलट्या-जुलाबात तर मुळीच नको.
- कुत्रं चावलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर आणि रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावात गिधाडं अजून घरटी करतात. कधी तिकडे गेलात, तर मुलांना वर बघायला सांगा.