झाकलेली बाटली आणि पॅरिसचा निवाडा

१/
२४ मे १९७६. पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलात एका लांब मेजामागे नऊ फ्रेंच रसज्ञ बसले होते. समोर पेले आणि गुणपत्रिका होत्या. बाटल्यांवर मात्र नावे नव्हती. पेल्यातली वाइन कोणाची, हे त्यांना ठाऊक नव्हते. दुपार सरली तेव्हा फ्रान्सच्या सर्वांत मानाच्या वाइनला सुमारे सहा डॉलर किमतीच्या एका अमेरिकी वाइनने मागे टाकले होते.

त्या दिवशी काय घडले, त्यातून काय सिद्ध झाले आणि काय सिद्ध झालेच नाही, याविषयी हा धागा.

२/
आरंभ १८५५ पासून करावा लागतो. तिसऱ्या नेपोलियनने त्या वर्षी पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरवले. त्यासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या उत्तम वाइनची पाच श्रेणींची यादी तयार केली. ही क्रमवारी चव घेऊन ठरलेली नव्हती. कोणत्या वाइनला बाजारात वर्षानुवर्षे किती भाव मिळत आला, हाच तिचा मुख्य निकष होता.

३/
यातले चक्र लक्षात घ्या. भाव चढा म्हणून श्रेणी वरची. श्रेणी वरची म्हणून भाव आणखी चढा. यादी जवळजवळ दगडावरच्या लेखासारखी अढळ राहिली. दुसऱ्या श्रेणीतल्या शातो मूताँ-रोशिल्डला पहिल्या श्रेणीत जाण्यासाठी १९७३ साल उजाडावे लागले. त्या निर्णयावर तत्कालीन कृषिमंत्री जाक शिराक यांची सही आहे. यादीत अशी बढती मिळाल्याचे हे एकमेव उदाहरण.

४/
अटलांटिकच्या पलीकडे चित्र अगदी वेगळे होते. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकातच द्राक्षमळे बहरले होते. पण १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात तो व्यवसाय मोडकळीस आला. बंदी उठल्यावरही अनेक दशके ‘अमेरिकी वाइन’ म्हणजे स्वस्त आणि गोडसर पेय, अशीच ख्याती होती. नापा खोऱ्याला नवी उभारी मिळाली ती १९६० च्या दशकात.

५/
या उभारीच्या केंद्रस्थानी असलेले द्राक्ष म्हणजे काबर्ने सोव्हिन्याँ. लहान मणी, जाड साल, गडद रंग, तोंडात तुरट पकड. हे मूळचे बोर्दोकडचे. लाल काबर्ने फ्राँ आणि पांढरे सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या संकरातून ते जन्मले, हे १९९० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात जनुकीय तपासणीने निश्चित झाले. म्हणजे नापातला शेतकरी बोर्दोचीच वेल आपल्या मातीत वाढवत होता. तुलना त्यामुळे अटळ होती.

६/
ही तुलना घडवून आणणारा होता एक इंग्रज. स्टीव्हन स्परियर पॅरिसमध्ये वाइनचे दुकान आणि वाइनचे शिक्षण देणारी संस्था चालवत असे. १९७६ हे अमेरिकी स्वातंत्र्याचे द्विशताब्दी वर्ष. ते निमित्त साधून कॅलिफोर्नियाची वाइन फ्रेंचांपुढे मांडावी, अशी कल्पना त्याची अमेरिकी सहकारी पॅट्रिशिया गॅलघर हिच्यासह पुढे आली. अमेरिकी वाइन जिंकेल, असे स्परियरलाही वाटले नव्हते. तिची दखल घेतली जावी, एवढीच त्याची अपेक्षा होती.

७/
परीक्षक कोणी हौशी नव्हते. ‘रव्ह्यू द्यू व्हँ द फ्रान्स’ या नियतकालिकाच्या संपादिका ओदेत कान, रोमाने-काँती या बर्गंडीतल्या अग्रगण्य मळ्याचे सहमालक ओबेर द व्हिलेन, बोर्दोच्या शातो जिस्कूरचे पिएर तारी, पॅरिसच्या नामांकित उपाहारगृहांचे मालक, प्रसिद्ध ‘तूर दार्जाँ’मधील वाइनचे प्रमुख जाणकार आणि सरकारी वाइन-नियामक संस्थेचे महानिरीक्षक, असे हे मंडळ होते. फ्रेंच चव म्हणजे काय, हे सांगण्याचा अधिकार जणू यांच्याच हाती होता.

८/
आयत्या वेळी स्परियरने परीक्षकांना सांगितले, की कॅलिफोर्नियाच्या वाइनमध्ये काही फ्रेंच वाइनही मिसळल्या आहेत आणि चाचणी नावे झाकून व्हावी. सर्वांनी होकार दिला. बाटलीच्या आकारावरून ओळख पटू नये म्हणून वाइन साध्या बाटल्यांत ओतून घेतली होती. प्रत्येक वाइनला २० पैकी गुण द्यायचे होते.

९/
प्रथम पांढऱ्या वाइन आल्या. सहा कॅलिफोर्नियाच्या, चार बर्गंडीच्या. परीक्षकांची आपसांत शेरेबाजी सुरू झाली आणि गंमत घडू लागली. नापाची एक पांढरी वाइन चाखून रेमाँ ऑलिव्हेर या ख्यातनाम पाककलातज्ज्ञाला आपण पुन्हा फ्रान्समध्ये आल्याचा आनंद झाला! निकाल लागला तेव्हा पहिल्या क्रमांकावर नापाची शातो माँटेलेना १९७३ होती. ती घडवणारा माइक गर्गिच हा क्रोएशियातून आलेला स्थलांतरित.

१०/
मग लाल वाइन. बोर्दोच्या बाजूने मूताँ-रोशिल्ड १९७०, ओ-ब्रियाँ १९७०, मोंरोज १९७० आणि लेओव्हिल-लास-काझ १९७१. चारही १८५५ च्या यादीतील मानकरी. कॅलिफोर्नियाच्या बाजूने सहा काबर्ने: स्टॅग्ज लीप १९७३, रिज मॉन्टे बेलो १९७१, हाइट्स मार्थाज व्हिनयार्ड १९७०, क्लो दु व्हाल १९७२, मायाकामस १९७१ आणि फ्रीमार्क ॲबी १९६९.

११/
पांढऱ्या वाइनचा निकाल एव्हाना परीक्षकांना कळला होता. त्यामुळे या फेरीत ते अधिक सावध होते. लाल वाइनमध्ये तरी अमेरिका वर येता कामा नये, अशी जिद्द होती. पण कोणत्या पेल्यात कोण, हे न कळता जिद्द कुणाच्या बाजूने वापरणार? बेरीज झाली. पहिली स्टॅग्ज लीप. दुसऱ्या क्रमांकावर मूताँ-रोशिल्ड. ओदेत कान यांनी आपल्या गुणपत्रिका परत मागितल्या. स्परियरने त्या दिल्या नाहीत.

१२/
बोलावणे अनेक पत्रकारांना होते, आला एकच. ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्याच्या हाती वाइनची यादी होती, त्यामुळे परीक्षक कशाला काय समजत आहेत हे तो समोर पाहत होता. ७ जून १९७६ च्या अंकात त्याची छोटीशी बातमी आली. शीर्षक होते, ‘पॅरिसचा निवाडा’.

१३/
शीर्षकात श्लेष होता. ग्रीक पुराणात पॅरिस नावाच्या ट्रॉयच्या राजपुत्रावर तीन देवतांमधून सर्वांत सुंदर कोण हे ठरवण्याची वेळ येते. तिघीही त्याला लालूच दाखवतात आणि तो लाच पाहून निवाडा देतो. पुढचे महायुद्ध त्यातूनच उद्भवते. लेबलावरचे नाव ही अशीच एक लालूच असते. बाटली झाकणे म्हणजे परीक्षकाला त्या लालचीपासून दूर ठेवणे.

१४/
जिंकलेल्या वाइनची कुळकथाही ऐकण्याजोगी आहे. वॉरेन विनियार्स्की हा शिकागो विद्यापीठात शिकवणारा अभ्यासक. ती नोकरी सोडून १९६० च्या दशकात तो सहकुटुंब नापात आला, इतरांच्या हाताखाली काम शिकला आणि १९७० मध्ये त्याने स्वतःची जमीन घेतली. १९७३ ची द्राक्षे आली तेव्हा त्याच्या वेली जेमतेम तीन वर्षांच्या होत्या. आज त्या वाइनची एक बाटली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

१५/
इथवरची कथा बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते: गर्विष्ठ फ्रान्स हरला, होतकरू अमेरिका जिंकली. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबू नये. जी कसोटी आपण बाटलीला लावली, तीच या आख्यायिकेलाही लावून पाहू.

१६/
पहिला प्रश्न फरकाचा. नऊ परीक्षकांचे मिळून कमाल गुण १८०. स्टॅग्ज लीपला १२७.५ आणि मूताँला १२६. अंतर दीड गुणाचे! दरडोई २० पैकी जेमतेम एक षष्ठांश गुण. त्यातच परीक्षकांची आपसांतली मते दूरदूर विखुरलेली. एखाद्याने मन जरा बदलले असते, तर पहिला दुसरा झाला असता.

१७/
दुसरा प्रश्न रचनेचा. वाइन सहा विरुद्ध चार, म्हणजे कॅलिफोर्नियाला जिंकण्याच्या संधी अधिक. शिवाय पहिल्या फेरीचा निकाल दुसरीच्या आधी जाहीर झालेला. आणि यादीच्या तळाकडेही कॅलिफोर्नियाच होती: लाल वाइनमध्ये शेवटचे चारही क्रमांक तिचेच. ‘अमेरिकी वाइन श्रेष्ठ’ हा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही.

१८/
मग निघते काय? ‘अमेरिकी वाइन फ्रेंच वाइनच्या पंक्तीला बसूच शकत नाही’ हे विधान मात्र खोटे ठरते. ते खोडायला एक अपवादही पुरतो. इथे तर फ्रान्सच्या सर्वोत्तम जिभांना पंक्तीतला पाहुणा ओळखताच आला नाही. श्रेष्ठत्व सिद्ध करणे आणि मक्तेदारी खोडून काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पॅरिसने दुसरी केली.

१९/
फ्रेंचांचा एक आक्षेप वजनदार होता. बोर्दोची वाइन मुरायला दशके लागतात; कोवळ्या वयात तिची परीक्षा घेणे अन्याय आहे, असे ते म्हणत. याचे उत्तर काळानेच दिले. तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच लाल वाइन लंडन आणि नापा येथे एकाच वेळी पुन्हा चाखल्या गेल्या. या वेळी पहिली आली रिज मॉन्टे बेलो १९७१, आणि पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे. १९७६ ची विजेती मात्र अव्वल राहिली नाही. क्रमांक बदलला; मुद्दा टिकला.

२०/
परीक्षकांची जीभ तरी किती भरवशाची? रॉबर्ट हॉजसन या कॅलिफोर्नियातील द्राक्षमळेवाल्या संशोधकाने राज्य मेळ्याच्या स्पर्धेत परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा पाजली. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तिन्ही वेळा साधारण सारखाच निर्णय देणारे परीक्षक सुमारे १० टक्केच. एका बैठकीच्या निकालाला ब्रह्मवाक्य का मानू नये, ते यावरून कळावे.

२१/
आणि किंमत? त्याच वर्षी कॅलिफोर्नियातीलच एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तोही काबर्नेवर. ९० डॉलरची वाइन एकदा १० डॉलरची म्हणून दिली; ५ डॉलरची एकदा ४५ ची म्हणून. सांगितलेली किंमत चढी, तेव्हा तीच वाइन लोकांना अधिक आवडली, आणि मेंदूतल्या सुखसंवेदनेच्या भागातली हालचालही वाढली. म्हणजे ते खोटे बोलत नव्हते. नाव आणि भाव खरोखरच चवीत उतरतात. १८५५ चे ते चक्र आपल्या डोक्यातही फिरत असते.

२२/
या कथेचा एक धागा नाशिकपर्यंत येतो. कॅलिफोर्नियात शिकून आणि नोकरी करून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला ही वाइन कंपनी उभारली. त्यांना साथ होती केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियाच्या वाइनतज्ज्ञाची. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. ‘चांगली वाइन अमुक एका देशातच होते’ ही समजूत आधी मोडली गेली नसती, तर गोदाकाठी असे धाडस करणे किती अवघड गेले असते, याची कल्पना करावी.

२३/
हा प्रयोग घरीही जमतो. कायद्याने मुभा असलेल्या पाच-सहा मित्रांनी मध्यम किमतीच्या चार-पाच काबर्ने आणाव्यात. एकाने बाटल्या कागदी पिशव्यांत घालाव्यात, दुसऱ्याने त्यांवर क्रमांक टाकावेत. म्हणजे ओतणाऱ्यालाही नावे कळत नाहीत. एक वाइन गुपचूप दोनदा ठेवावी. सर्वांचे गुण लिहून होईपर्यंत कुणी अवाक्षर काढू नये. कारण पहिला बोलतो, त्याची चव इतरांच्या जिभेवर चढते. शेवटी पिशव्या काढाव्यात. तीच वाइन तुम्ही एकदा वर आणि एकदा खाली ठेवली असेल, तर हसून घ्यावे.

२४/
ज्यांना वाइन वर्ज्य, त्यांनी हापूस घ्यावा. देवगड की रत्नागिरी, हा वाद पेटीवरचे नाव झाकून, फोडी करून एकदा खेळून पाहावा.

२५/
बखर असो, शिलालेख असो वा समाजमाध्यमावरचा संदेश, आपण आधी नाव पाहतो आणि मग मजकुराची चव ठरवतो. पुरावा वाचताना निदान एकदा तरी लेबल झाकावे: हेच विधान अनोळखी माणसाने केले असते, तर आपण मानले असते का? आणि झाकून मिळालेला निकालही अंतिम समजू नये, पुन्हा चाखावा. पॅरिसच्या त्या दुपारीने शिकवले ते एवढेच.

तुम्ही कधी काही असे झाकून चाखले आहे का? निकाल काय लागला, अवश्य लिहा.

लेखनसीमा.