डीएमएलटीला प्रवेश घेण्याआधी काय तपासावे?

बारावीचा निकाल लागला की वस्तीत पत्रके फिरू लागतात. 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन, नोकरीची हमी.' आमच्या ओळखीतील एका आईने बचत गटाचे कर्ज काढून मुलीला अशाच एका वर्षभराच्या कोर्सला घातले. प्रमाणपत्र मिळाले, तेही लॅमिनेट करून. पण नोंदणीला गेल्यावर कळले की संस्थेला मान्यताच नाही. आज ती मुलगी एका कलेक्शन सेंटरवर मदतनीस म्हणून नळ्यांना लेबले लावते आणि घरात कर्जाचे हप्ते सुरू आहेत. म्हणून हा विषय आम्ही येथे घेत आहोत.

पहिला प्रश्न मान्यतेचा. राज्यात महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियम, २०११ आहे. लॅब टेक्निशियन म्हणून काम करायचे तर या परिषदेकडे नोंदणी लागते आणि ती मान्य अर्हतेवरच मिळते. त्यावर २०२१ चा केंद्रीय कायदा आला. त्यानुसार 'अलाइड हेल्थ प्रोफेशनल' ठरण्यासाठी किमान २००० तासांचे आणि दोन ते चार वर्षांत पसरलेले शिक्षण हवे. सहा महिन्यांच्या कोर्सचे गणित इथेच संपते. 'घरबसल्या डीएमएलटी' हा प्रकारही सोडून द्या. या कायद्याखालील विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने २०२५ मध्ये मनाई केली आहे. संस्थाचालक 'आमची केंद्र सरकारकडे नोंदणी आहे' असे सांगतात, तेव्हा ती नोंदणी कसली ते विचारा. ट्रस्टची किंवा कंपनीची नोंदणी म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे.

पदविका की पदवी? घरची निकड असेल तर दोन वर्षांची पदविका चालते. पण जमत असेल तर पदवीच घ्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा तीन वर्षे आणि पुढे एक वर्ष इंटर्नशिप असा अभ्यासक्रम शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही चालतो. सरकारी भरतीत अनेकदा विज्ञानाची पदवी आणि सोबत डीएमएलटी अशी अट असते. नुसती बारावीनंतरची पदविका तिथे अपुरी पडते. ज्या पदावर नजर आहे, त्याच्या दोन-तीन जुन्या जाहिराती आधी वाचा आणि मग कोर्स ठरवा.

आता खरी कसोटी, म्हणजे हाताला काम किती मिळते. हे काम पुस्तकातून येत नाही. शीर सापडणे, लहान मुलाचे रक्त घेणे, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत सीबीसीचे आणि राखाडी झाकणाच्या फ्लोराइड नळीत साखरेचे रक्त घेणे, स्लाइडवर स्मिअर ओढून मलेरियाचे जंतू ओळखणे, थुंकीच्या नमुन्यात क्षयाचे जंतू पाहणे, रक्तपेढीत क्रॉसमॅच करणे, हे शेकडो वेळा केल्याशिवाय हात बसत नाही. म्हणून संस्था पाहायला जाल तेव्हा कार्यालयात बसून चहा पिऊन परतू नका. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. सूक्ष्मदर्शक किती आणि विद्यार्थी किती, हे मोजा. अॅनालायझर चालू आहे की धूळ खात आहे, ते पाहा. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय नसेल तर कोणत्या रुग्णालयाशी लेखी करार आहे, तेथे बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आणि रक्तपेढी अशा सर्व विभागांत पाळी मिळते का, की वर्षभर फक्त रक्त काढायलाच लावतात? हे शिक्षकांना नव्हे, शेवटच्या वर्षाच्या मुलांना गेटबाहेर विचारा. हिपॅटायटिस बी ची लस विद्यार्थ्यांना देतात का, हेही विचारा. सुई टोचण्याचा धोका शिकणाऱ्याला सर्वांत जास्त.

पैशाची बाजू. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते. उत्पन्न मर्यादा अडीच लाख. तुमची संस्था आणि नेमका तोच कोर्स महाडीबीटीच्या यादीत दिसतो का, हे प्रवेशाआधी सायबर कॅफेत बसून पाहा. दिसत नसेल तर मान्यतेबद्दल पुन्हा खोलात चौकशी करा. वसतिगृह मिळाले नाही तर पात्र विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचे आणि जात वैधता प्रमाणपत्र मात्र निकालाची वाट न पाहता काढून ठेवा; प्रवेश याच कागदांवर अडतात.

काहींचे स्वप्न स्वतःची लॅब टाकण्याचे असते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले की लॅबच्या अहवालावर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच लागते. 'डीएमएलटी करा, लॅबचे मालक व्हा' असे कोणी म्हणाले, तर हा निकाल त्याच्यापुढे ठेवा. आणि कोणत्याही संस्थेत पैसे भरताना रोखीची चिठ्ठी घेऊ नका. कोर्सचे पूर्ण नाव, विद्यापीठ किंवा मंडळाचे नाव आणि शुल्काचा तपशील लिहिलेली पावतीच घ्या.