भवानीपूर : मुख्यमंत्र्यांना विधानसभेत नेणारा मतदारसंघ

कोलकाता शहराच्या दक्षिण भागातील भवानीपूर हा पश्चिम बंगाल विधानसभेचा १५९ क्रमांकाचा मतदारसंघ आहे. २०११ आणि २०२१ या दोन्ही वर्षी विधानसभेचे सदस्यत्व नसताना मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतलेल्या ममता बॅनर्जी येथूनच पोटनिवडणुकीत निवडून आल्या. त्यामुळे या मतदारसंघाला राष्ट्रीय महत्त्व प्राप्त झाले.

कोलकाता महापालिकेचे ६३, ७०, ७१, ७२, ७३, ७४, ७७ आणि ८२ हे आठ प्रभाग या मतदारसंघात मोडतात. लोकसभेसाठी तो कोलकाता दक्षिण मतदारसंघाचा भाग आहे. बंगाली भाषकांबरोबरच गुजराती, मारवाडी, पंजाबी आणि उर्दू व हिंदी भाषक मतदारांची येथे मोठी वस्ती आहे.

१९५७ मध्ये सिद्धार्थ शंकर रे काँग्रेसच्या उमेदवारीवर येथून निवडून आले. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यानंतर त्यांनी आमदारकीचाही राजीनामा दिला आणि १९५८ च्या पोटनिवडणुकीत अपक्ष म्हणून ते पुन्हा विजयी झाले. पुढे १९७२ ते १९७७ या काळात ते राज्याचे मुख्यमंत्री होते. सत्तरच्या दशकानंतर अनेक वर्षे या नावाचा मतदारसंघ अस्तित्वात नव्हता. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २०११ मध्ये तो पुन्हा निर्माण झाला.

त्या वर्षी तृणमूल काँग्रेसचे सुब्रत बक्षी येथून विजयी झाले. ममता बॅनर्जी तेव्हा कोलकाता दक्षिणच्या खासदार होत्या. २० मे रोजी मुख्यमंत्री झाल्यानंतर त्यांच्यासाठी बक्षी यांनी जागा रिकामी केली. २५ सप्टेंबरच्या पोटनिवडणुकीत बॅनर्जी यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या नंदिनी मुखर्जी यांचा ५४,२१३ मतांनी पराभव केला. बॅनर्जी यांच्या रिक्त लोकसभा जागेवर पुढे बक्षी निवडून आले. २०१६ मध्ये काँग्रेसच्या दीपा दासमुन्शी यांच्याविरुद्ध बॅनर्जी यांचे मताधिक्य २५,३०१ पर्यंत खाली आले.

२०२१ मध्ये बॅनर्जी यांनी भवानीपूर सोडून नंदीग्राममधून निवडणूक लढविली. तेथे भारतीय जनता पक्षाचे शुभेंदू अधिकारी यांनी त्यांचा १,९५६ मतांनी पराभव केला. परंतु पक्षाला बहुमत मिळाल्याने ५ मे रोजी त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. भवानीपूरमधून २८,७१९ मतांनी विजयी झालेले शोभनदेव चट्टोपाध्याय यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला.

राज्यघटनेच्या कलम १६४(४) नुसार विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सलग सहा महिन्यांच्या आत निवडून यावे लागते. निवडून न येता त्याच विधानसभेच्या काळात त्याची पुन्हा नियुक्ती करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ही अट मे २०२० मध्ये विधानपरिषदेवर बिनविरोध निवडून येऊन पूर्ण केली. पश्चिम बंगालमध्ये १९६९ पासून विधानपरिषद नाही. त्यामुळे बॅनर्जी यांच्यापुढे विधानसभेच्या पोटनिवडणुकीचाच मार्ग होता.

कोरोना साथीमुळे देशातील बहुतेक पोटनिवडणुका पुढे ढकलण्यात आल्या असताना, राज्याच्या विनंतीवरून निवडणूक आयोगाने भवानीपूरमध्ये मतदान घेण्याचे ठरविले. त्याला कलकत्ता उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. मात्र न्यायालयाने निवडणूक थांबविली नाही. ३० सप्टेंबर रोजी मतदान झाले. ३ ऑक्टोबरच्या मतमोजणीत बॅनर्जी यांना ८५,२६३, तर भाजपच्या प्रियांका टिबरेवाल यांना २६,४२८ मते मिळाली. शोभनदेव चट्टोपाध्याय त्यानंतर खडदह येथील पोटनिवडणुकीतून विधानसभेत परतले.

मे महिन्यात निवडलेला आमदार थोड्याच काळात पायउतार होतो आणि मतदाराला पुन्हा मतदान केंद्रावर जावे लागते, हे भवानीपूरने दोनदा अनुभवले. मुख्यमंत्र्यालाही अखेर एखाद्या मतदारसंघातील मतदारांसमोर जावेच लागते, ही या तरतुदीची दुसरी बाजू होय.